येते हं

खिरीवर पुन्हा साय धरली. मी ती पळीनं मोडली, पातेलं परत चुलीवर ठेवलं आणि दाराबाहेर बघितलं. बाहेर आंब्याची कलमं, त्यापलीकडे दगडांचा गडगा, गडग्यापलीकडे काकीचं घर. माणूस एक नाही.

"किती वेळा गरम करशील?" डंबर म्हणाला. "खीर आहे की काढा?"

"काकी येते म्हणालीय."

"ती रोजच म्हणते."

एवढं बोलून त्यानं रजईच्या वळकटीची दोरी आणखी आवळली. सामान आमचं असं कितीसं. एक पत्र्याची पेटी, दोन-चार भांडी, अंथरूण-पांघरूण. त्यानं सगळं दुपारीच बांधून भिंतीला लावलं होतं, आणि मी खीर ढवळत त्या बोचक्यांकडे बघायचं टाळत होते.

डंबर माझा नवरा. आम्ही नेपाळातले, बझाङचे. आता माझं मराठी ऐकून कोणाला ते खरं वाटत नाही, बाजारातल्या भाजीवाल्या तर माझ्याशी घासाघीस करायला नाखूश असतात. पण ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा कोकणात येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि मराठी तोडकंमोडकं येत होतं. डंबर हापूसच्या बागेची राखण करायचा. मालक मुंबईला. आम्हाला राहायला बागेतला मांगर, म्हणजे पूर्वी गवत आणि अवजारं ठेवायची ती जांभ्या दगडाची खोली. डंबर म्हणून नाव सांगितलं की वाडीतली माणसं 'डांबर, डांबर' म्हणून हसायची. शेवटी त्यानं नाव सांगणंच सोडलं. मग तो सगळ्यांचा बहादूर झाला आणि मी आपोआप बहादुरीण.

आणि आमची जुनू, पाच महिन्यांची. त्या दिवशी तिची पास्नी होती. पास्नी म्हणजे बाळाला भाताचा पहिला घास भरवायचा दिवस. आमच्याकडे पहिला घास वडीलधाऱ्यानं द्यायचा, मग नातलग, शेजारीपाजारी, सगळ्यांनी एकेक. आईबापांनीच आपलं भरवून टाकलं तर ते नुसतं जेवण झालं, पास्नी नव्हे. माझी माणसं सगळी तिकडे डोंगरात. इथं भरवायला कोण येणार होतं? आली असती तर वाडी.

आणि डंबरनं सगळं त्याच्यावरच आणून ठेवलं होतं.

त्याचं असं झालं. थंडीत मालकाचा पाण्याचा पंप चोरीला गेला आणि वाडीतल्यांनी पहिली झडती आमच्या मांगराची घेतली. पोरीच्या झोळीतली दुपटीसुद्धा उलटीपालटी केली मेल्यांनी. पंप पुढं मालकाच्या भाच्यानंच विकल्याचं निघालं, पण 'चुकलं बाबा' म्हणायला एक जण आला नाही. डंबर गप्प माणूस, तो आणखी गप्प झाला. माझ्या दिरानं गोव्यात एका हॉटेलात त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. तिकडे जाऊ, एवढंच तो म्हणायचा. मला जायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून दिल्ली झाली, सुरत झाली, बोचकी बांधून बांधून माझे हात दुखले होते. जुनू इथं जन्मली होती. मांगराच्या मागं मी लावलेला राईचा पाला आता कुठं हाताशी येत होता.

रोज वाद. शेवटी तो म्हणाला, "पास्नीला या वाडीतलं एक माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत आलं तर राहू. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी."

मी म्हटलं, "चालेल." मला कसली भीती? काकी येणार होती. ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती.

काकी म्हणजे अनसूया पारकर. अर्थात हे नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, सगळे काकी म्हणायचे म्हणून मीही काकी म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला, घरात ती आणि तिच्या कोंबड्या. वाडीतली बाकीची घरं तिच्या दिरा-पुतण्यांची. काकी ज्या दारात जाईल त्या दारात बाकीच्या बायका जाणार, काकीनं नाक मुरडलं की सगळ्यांची नाकं मुरडलेली.

तिच्या कोंबड्या सदान्‌कदा आमच्या बागेत. त्यांना हाकायच्या निमित्तानं ती गडग्याच्या खिंडीतून अंगणात यायची, जुनूच्या गालाला बोट लावायची, काहीबाही विचारायची. मी म्हणायची, "काकी, बस ना." आणि ती म्हणायची, "नको गो, आता घाई आहे. येते हं."

आता तुम्हीच सांगा. 'आता घाई आहे, येते' याचा अर्थ माणसानं काय घ्यायचा?

पहिल्यांदा ती तसं म्हणाली तेव्हा मी मांगर झाडून घेतला, चटई घातली, चहाला म्हणून दूध वेगळं काढून ठेवलं. दूध तरी किती, पावशेराचा रतीब आमचा. संध्याकाळ झाली, दूध नासलं, काकी आली नाही. दुसऱ्या दिवशी परत कोंबड्या, परत 'येते हं'. परत मी दूध राखून ठेवलं. परत नाही. बाई दिसायला एवढी भारदस्त, आणि रोज उठून खोटं बोलते. त्या खोट्याला कंटाळून एक दिवस मी दूध ठेवणं बंद केलं आणि त्याच संध्याकाळी, आता आली तर काय देऊ, या धास्तीनं मला जेवण गेलं नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे मी पुढं शिकले. तेव्हा शिकले असते तर तिच्या तोंडावर म्हटलं असतं.

बरं, तिच्या घरी मी गेले तर? तिकडे निराळीच तऱ्हा. कधी विरजणाला जायची, कधी काडेपेटीला. तोवर काकी बरी बोलायची. मी निघताना म्हणायची, "काकी, मी गेले." आमच्याकडे दारातून निघताना 'म गएँ है' म्हणतात, गेले हं, एवढंच. तेच मी उचलून मराठीत ठेवलं होतं. पण ते ऐकलं की काकीचा चेहरा उतरायचा. कधी कपाळाला हात लावायची, कधी तोंड फिरवून देवाचं नाव घ्यायची. मी जायला निघाले की हिला इतकं काय होतं? आले तेव्हा तर हसत होती. मला वाटायचं, मी दाराबाहेर पडले की ही बहुतेक उंबरा धुऊन घेते.

तरीसुद्धा पास्नीच्या आदल्या आठवड्यात मी तिला सांगितलं. कोंबड्या हाकत आली होती.

"काकी, सोमवारी जुनूला भात खिलवायचा. आमच्यात पास्नी बोलतात."

"म्हणजे उष्टावण," काकी म्हणाली, आणि एकदम खुलली. "आमच्यातही असतं गो. मामाच्या मांडीवर बसवतात. कोण कोण येणार?"

"सगळे," मी म्हटलं. सगळे म्हणजे तुम्हीच की, दुसरं आहे कोण मला? पण एवढं मराठी कुठून आणू.

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ही काहीतरी म्हणेल. म्हणाली ती, पण जरा वेळानं.

"बरं तर. छान होऊ दे. येते हं."

झालं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. रोजची गोष्ट निराळी, पण पोरीच्या पास्नीची गोष्ट ऐकून तर कोणी खोटं बोलणार नाही ना. मी वाडीभराचा अंदाज घेऊन तांदूळ भिजत घातले. आमची सेलरोटी असते, तांदळाच्या पिठाची, बांगडीसारखी गोल, तेलात तळलेली. ती केली, बटाट्याचं लोणचं केलं, खीर केली.

सोमवारी सकाळी मी तेलापाशी बसले होते तेव्हा काकी पुन्हा आली. कोंबड्या नव्हत्या त्या दिवशी. अंगणात उभी राहून म्हणाली, "काय गो, झाली तयारी? वास सुटलाय वाडीभर."

"झाली. बस ना, काकी."

"नको, तुमची गडबड. पाव्हणेरावळे येतील." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "येते हं मग."

माझे हात पिठात होते. मी मान डोलावली. सकाळी सकाळी येऊन पुन्हा पक्कं करून गेली, याहून काय हवं?

आणि आता ऊन कलमांच्या बुंध्याशी आलं होतं. सेलरोट्या गार पडून चिवट झाल्या होत्या. जुनूला लाल फ्रॉक घालून, कपाळाला टिका लावून सकाळपासून सजवून ठेवलं होतं. तिनं टिका पुसून टाकला, फ्रॉक ओला केला, दोनदा झोपून उठली, आणि आता भोकाड पसरलं होतं.

"दे, मी भरवतो," डंबर म्हणाला. "दिवस मावळायच्या आत भरवायला हवं. कोणी येत नाही."

"तू नाही भरवायचं."

"मग कोण? हे बघ, मला राग नाही आता. आपण यांचे कोणी नाही. राखणदार आहोत. राखणदाराच्या घरी कोण जेवायला जातं?"

रागावला असता तर मला चाललं असतं. तो रागावला नव्हता, हेच मला सहन झालं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जुनूला काखेत मारलं, तशीच गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेले आणि काकीच्या ओटीवर जाऊन उभी राहिले. आज हिला विचारायचंच. उद्या एसटीत बसायचंच आहे, तर विचारून बसू.

काकी ओटीवरच होती, खांबाला टेकून. अंगावर पेटीतलं मऊसूत पातळ, डांबरगोळीचा वास येत होता. मांडीवर कसलीशी पुरचुंडी. ही बाई कुठं तरी जायला निघालेली आहे, आमच्याकडे यायचं सोडून. मी आणखीच भडकले.

"काकी, तुम्ही खोटं बोलते."

"काय?"

"रोज खोटं बोलते. येते बोलते, येत नाही. मी दूध ठेवते. दूध खराब होते. आज पण बोलली. येते बोलली. सकाळी बोलली. आठ दिवस अगोदर बोलली. माझी पोरगी सकाळपासून बसली आहे. का बोलते? नाही यायचं तर नाही बोला."

एका दमात इतकं मराठी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. काकी उठून उभी राहिली.

"अगो, मी निघताना म्हटलं ते."

"हां. निघताना. येते."

"येते म्हणजे जाते."

मला वाटलं, मी वेडी झाले किंवा ही. "येते म्हणजे जाते?"

"हो मग. निघताना जाते म्हणू नये. अशुभ. येते म्हणायचं."

"आणि येणार नसेल तर?"

"तरी येते म्हणायचं."

"आणि खरंच येणार असेल तर काय बोलायचं?"

काकी जरा घुटमळली. "तर... तेव्हाही येतेच म्हणायचं."

"मग समोरच्याला कळणार कसं?"

"कळतं," काकी ठसक्यात म्हणाली. "आम्हाला कळतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, पण तिला वाटलं रडते आहे, आणि त्यानं ती जरा नरमली. मी काही नरमले नाही.

"कळत होतं तर आली का नाही? सगळ्या वाडीला वास गेला ना? माहीत होतं ना आज पास्नी आहे?"

"माहीत होतं," काकी म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "वास येतोय सकाळपासून. बोलावलंस का मला? आठ दिवसांमागं सांगितलंस, सोमवारी आहे. आहे म्हणालीस, या म्हणालीस का? मी उभी राहिले तोंडाकडे बघत, आता म्हणेल, आता म्हणेल. आज सकाळी लाज सोडून पुन्हा आले, म्हटलं विसरली असेल, आठवण होईल. तरी नाही. न बोलावता जाऊन बसू? मी काय पत्रावळीवरची माशी आहे?"

"तुम्ही स्वतःच येते बोलत होती. मग मी कशाला बोलावू? येणाऱ्या माणसाला या बोलतात?"

यावर ती हळूच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, मुद्दाम नाही बोलावलंस. शुभकार्याला माझ्यासारखीला नाही बोलावत. वाडीतलेही नाही बोलावत, तुला काय बोल लावू."

"तुमच्यासारखी म्हणजे?"

तिनं आपल्या मोकळ्या कपाळावरून बोट फिरवलं.

मला कळलं. आमच्यातही असलं सगळं असतं, मी उगाच मोठेपणा कशाला सांगू. पण मला पहिला घास माझ्या आजीनं भरवला होता आणि आजीला नवरा नव्हता. घरात मोठी तीच होती, म्हणून तिनं भरवला. हे सगळं मराठीत सांगायला मला जमेना. मी एवढंच म्हटलं, "तुमचा हात आहे ना? मग."

काकीनं नाक पुसलं. मग एकदम माझ्यावरच उलटली. "आणि तू गो? मला खोटारडी म्हणतेस. तू रोज माझ्या उंबऱ्यावर मरण ठेवून जातेस त्याचं काय?"

"मी?"

"मी गेले, मी गेले. ऊठसूट मी गेले. अगो, गेले म्हणजे मेले. बाळंतीण बाई, पोर पदरात, आणि माझ्या दारात उभी राहून म्हणते, काकी मी गेले. तू गेलीस की रोज मीठमोहऱ्या ओवाळून टाकते मी तुझ्या वाटेवर. विचार कोणालाही."

म्हणजे उंबरा धुवत नव्हती तर. मला हसू यायला हवं होतं. आज येतं. तेव्हा नाही आलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं, की ऊन उतरतंय आणि आम्ही दोघी व्याकरण करत बसलोय.

"बरं, या," मी म्हटलं. "चला."

"असं नव्हे."

"मग कसं?"

"आमंत्रण असं देतात होय? दारात उभं राहून भांडतेस आणि वर चला म्हणतेस. अक्षत देऊन बोलवायचं असतं."

"माझ्याकडे नाही अक्षत."

"थांब." ती आत गेली आणि वाटीत मूठभर तांदूळ घेऊन आली. तिनंच त्यांना कुंकू लावलं, कालवलं, वाटी माझ्या हातात दिली आणि माझ्यासमोर पुन्हा खांबाला टेकून बसली, जसं काही आम्ही आज पहिल्यांदाच भेटतोय. "हं. आता माझ्या हातावर ठेव आणि म्हण, आमच्याकडे मुलीचं उष्टावण आहे, यायचं हं."

तिच्याच घरचे तांदूळ, तिच्याच घरचं कुंकू, आणि आमंत्रण तिलाच. मी दात आवळून म्हटलं, "आमच्याकडे मुलीचं उष्टावण आहे. यायचं हं."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? नाव सांग."

"बहादूर."

"ते सगळ्यांचंच असतं. तुझं काय नाव?"

वर्ष झालं होतं. वर्षभर ही बाई माझ्या अंगणात रोज येत होती. "बिस्ना," मी म्हटलं. "आणि तुमचं?"

"अनसूया." तीही जरा वरमली. "मग तूही कुठं विचारलंस."

तिनं तांदूळ हाती घेतले, डोक्याला लावले. मग ओटीच्या कडेला जाऊन तिनं सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "अगो ए सुनंदा, रुक्मिणीला घे आणि ये. बिस्नाकडे उष्टावण आहे. आमंत्रण आलंय. हो, आत्ता. आत्ताच द्यायची पद्धत आहे त्यांच्यात."

मांगरात आम्ही शिरलो तेव्हा डंबर पेटीवर बसला होता. काकीला बघून तो उठला, पण चेहरा काही हलला नाही. काकीनं उंबरा ओलांडला, जुनूला मांडीवर घेतलं, पुरचुंडी सोडली. त्यातून हिरव्या खणाची कुंची निघाली, हातानं शिवलेली, कडेला लाल दोरा. माप अगदी बरोबर. रोज गालाला बोट लावून माप घेत होती की काय कोण जाणे.

खीर मी शेवटची गरम केली. काकीनं बोटावर घेतली, फुंकर घातली. मग तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि घास जुनूच्या ओठांना लावला. जुनूनं तोंड वाकडं केलं, थुंकली, मग चाटून बघितलं आणि काकीचं बोटच तोंडात ओढलं. सुनंदा आणि रुक्मिणी, काकीच्या पुतणसुना, दारात उभ्या होत्या त्या हसल्या आणि आत आल्या. एकेकीनं घास दिला. सेलरोटी चिवट झाली होती, तरी खाल्ली. रुक्मिणी म्हणाली, "तांदळाची जिलबी, फक्त पाकात घालायची राहिली," आणि मी रागानं तिच्या पानात आणखी दोन वाढल्या.

मी डंबरकडे बघितलं. आमच्या बोलीत विचारलं, "आलं ना माणूस?"

तोही आमच्या बोलीत म्हणाला, "तू ओढून आणलंस. ओढून आणलेलं माणूस मोजत नाहीत."

असा राग आला मला, म्हणजे इतका, की पळी त्याच्या डोक्यात घालावी. एवढं भांडून आले, तांदूळ काय, कुंकू काय, आणि हा बसलाय मोजत. पण बायका जेवत होत्या. मी पळी पातेल्यात ठेवली.

तेवढ्यात जुनू काकीच्या मांडीवर झोपली. काकी म्हणाली, "अंथरूण कुठाय गो हिचं?" आणि बोलता बोलता तिची नजर भिंतीकडे गेली. पेटी, वळकटी, दोरी. "हे काय? कुठं निघालात?"

डंबरनं सांगितलं. त्याचं मराठी माझ्यापेक्षा बरं होतं, पुरुषांत वावरून. "गोव्याला, काकी. तिकडे काम आहे. उद्या सकाळी आम्ही जातो."

"जातो म्हणू नये," काकी म्हणाली. सवयच ती. "येतो म्हणावं."

डंबर फार सभ्य माणूस. मोठ्या बाईनं सांगितलं म्हणून हात जोडले आणि म्हणाला, "बरं. येतो, काकी."

काकीनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. जुनूच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"येतो म्हणालास हं. सगळ्यांनी ऐकलंय. तुझ्या बायकोनं आत्ताच माझ्या ओटीवर येऊन मला जाब विचारला, येते म्हणालीस तर आली का नाहीस. तुमच्यात येतो म्हणजे येतोच, हो ना?"

"हो," डंबर म्हणाला.

"मग मी दूध राखून वाट बघत बसू का तुझी? आणि परत यायचंच आहे तर जातोस कशाला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिरीचं पातेलं खरवडत होते, मान वर केली नाही.

काकी आवाज खाली आणून म्हणाली, "पंपाच्या वेळी तुझ्या घरात शिरले त्यात माझा पुतण्या होता, हिचा नवरा. मी त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नाही. पण ते तुला येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं." सुनंदा ताटात बघत राहिली. काकी म्हणाली, "आता पोर अवघडलीय. ती दोरी सोड."

डंबर उभाच राहिला. मग खाली बसला आणि गाठ सोडायला लागला. इतकी घट्ट आवळली होती दुपारी, की नखांनी सुटेना. शेवटी सुनंदानं विळी पुढं केली.

दिवे लागायची वेळ झाली तशा पुतणसुना गेल्या. काकी उंबऱ्यापाशी आली आणि तिथंच थांबली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. येते म्हणावं तर मी वाट बघत बसणार. जाते तर तिच्या जिभेवर येणारच नाही. बाई खरोखर अडकली. मी मुद्दाम काही मदत केली नाही, तशीच बघत उभी राहिले.

"उद्या," ती शेवटी म्हणाली, एकेक शब्द पारखून. "कोंबड्या सोडल्या की. चहाला. येते."

मी म्हटलं, "हो, हो." मनात म्हटलं, झालं, आता ही पुन्हा तेच बोलली. वर्षभराचा अनुभव एका संध्याकाळीत पुसला जातो थोडाच. उरलेलं दूध मी जुनूच्या दुसऱ्या दिवसाच्या खिरीत ओतून टाकलं.

सकाळी दारात कोंबड्यांची कलकल ऐकू आली आणि मागोमाग काकी. आत आली, चटई नव्हती तर स्वतःच ओढून घेतली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "टाक चहा."

घरात दुधाचा थेंब नव्हता.